रोज जवळ बाळगायचा लहान चाकू कसा निवडावा: इंदूरच्या नवख्या खरेदीदारासाठी

घडीचा चाकू बाजूला ठेवून अखंड पात्याचा, म्हणजे न मिटणारा, लहान चाकू वापरून पाहावा असे ज्याला वाटू लागते, तो बहुधा पोलादाच्या नावांपासून सुरुवात करतो. दोनचार चित्रफिती पाहून त्याला १०९५, डी२, १४सी२८एन ही नावे पाठ होतात, त्यांतील एखाद्या नावावर मन बसते आणि चाकू मागवला जातो. तो घरी आल्यावर मात्र ठेवायचा कुठे, कमरेला लावायचा की बॅगेत, कामावर नेला तर चालेल का, असे साधे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे न मिळाल्याने तो कपाटात पडून राहतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी काम, मग कायदा, मग बाळगण्याची जागा, त्यानंतर पात्याची मापे आणि पोलाद, असे टप्प्याटप्प्याने गेल्यास पोलादाचा प्रश्न वाटतो तितका मोठा राहत नाही.

आधी कामाची यादी करावी

खरेदीपूर्वी आठवडाभर, कापण्याची गरज कधी कधी पडली याची वहीत किंवा फोनमध्ये नोंद ठेवावी. इंदूरच्या नोकरदार माणसाची यादी साधारणपणे अशी निघते: खोक्यावरची चिकटपट्टी, प्लॅस्टिकची बांधपट्टी, सुतळी, दुधाची किंवा मसाल्याची पिशवी, डब्यासोबत आणलेली काकडी किंवा जाम, कुंडीतील रोपाची वाळकी फांदी, आणि पावसाळ्यात चोरल किंवा जानापावच्या बाजूला सहल निघाली तर दाल-बाफल्यांसोबत लागणारा कांदा-लिंबू. या यादीत लाकूड फोडणे नसते, आणि काही उपसून काढणे किंवा कशावर घाव घालणेही नसते. तरीही बाजारातील निम्मे चाकू जणू त्याच कामांसाठी घडवलेले दिसतात.

यादीत केवळ खोकी आणि चिकटपट्ट्या असतील तर स्पष्टच सांगायला हवे की, तुकडा मोडून नवी धार पुढे काढता येणारा साधा पेपर कटर पुरेसा आहे. अखंड पात्याच्या चाकूचा खरा फायदा खाण्याच्या आणि ओल्या कामात दिसतो. त्याला सांधा नसल्यामुळे फळाचा रस, कणीक किंवा माती अडकून राहायला जागा नसते. नळाखाली धरला की तो धुऊन निघतो. सांधा सैल होणे, कुलूप निसटून पाते बोटांवर मिटणे हे प्रकार त्यात संभवतच नाहीत. त्याच्या बदल्यात तो लांबीने कधीच निम्मा होत नाही, त्याला म्यान लागते आणि तो चारचौघांच्या नजरेत भरतो. ही किंमत मान्य असेल तरच पुढे जावे.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वसंरक्षणासाठी म्हणून चाकू घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. झटापटीत लहान चाकू बाळगणाऱ्याला वाचवत नाही, उलट प्रसंग चिघळवतो; शिवाय पोलिसांनी विचारल्यावर ‘संरक्षणासाठी’ हे उत्तर दिले की, फळे कापण्याचे साधन त्या क्षणी शस्त्र म्हणून पाहिले जाते.

कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण पात्याची कमाल लांबी येथेच ठरते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांत, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या पाचव्या वर्गात घातले असून, घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेल्यांना त्यातून सूट दिली आहे. परंतु अधिनियमाच्या कलम ४ अन्वये विशिष्ट प्रदेशांसाठी वेगळी अधिसूचना काढता येते, आणि मध्य प्रदेशात ती १९७४ पासून लागू आहे. तिच्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे, तसेच खटक्याचा, म्हणजे स्प्रिंगने उघडणारा, कोणत्याही मापाचा चाकू परवान्याशिवाय बाळगण्यास मनाई आहे. अशा प्रकरणांत कलम २५ खाली गुन्हा नोंदवला जातो आणि त्यात कारावासाची तरतूद आहे.

यातून नवख्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, रामपुरी धाटणीचा खटक्याचा चाकू कितीही लहान असला तरी इंदुरात खिशात ठेवू नये. दुसरी, अखंड पात्याचा चाकू सहा इंचांच्या, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरच्या, मर्यादेला टेकणारा असण्याचे काहीच कारण नाही. सात-आठ सेंटिमीटरांचे पाते त्या मर्यादेच्या जेमतेम निम्मे होते आणि वर दिलेली सगळी कामे त्यात होतात.

पण मापात बसला म्हणजे सगळीकडे चालतो, असे नव्हे. निवडणुकीच्या किंवा सणावारांच्या काळात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये, जे पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते, शस्त्रे घेऊन फिरण्यावर तात्पुरते निर्बंध घातले जातात. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय असल्याने असे आदेश आयुक्तांकडून निघतात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याच्या गर्दीत किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला जाताना तो बरोबर नेण्यात कोणतेही शहाणपण नाही, मग आदेश निघालेला असो वा नसो. न्यायालय, परीक्षा केंद्र, शाळा-महाविद्यालय, मॉल, मेट्रोचे स्थानक आणि जेथे बॅगा तपासल्या जातात अशी मंदिरे यांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून प्रवास असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नेता येत नाही. तो म्यानासह, नीट गुंडाळून, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवावा.

बडोद्याला नातेवाईकांकडे जाणे-येणे असलेल्यांनी लक्षात ठेवावे की तेथे गुजरात पोलीस अधिनियमाचे कलम ३७ लागू असते. त्याखाली पोलीस आयुक्त ठराविक काळासाठी चाकूसह इतर हत्यारे बाळगण्यावर बंदी घालू शकतात आणि ती मोडल्यास कलम १३५ खाली कारवाई होते. दिल्लीचे मोजमाप आणखी वेगळे आहे: तेथील अधिसूचना खटक्याच्या, बटणाच्या आणि गरारीच्या, म्हणजे दात्यांवर अडकत उघडणाऱ्या, चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी हे माप धरते. ती प्रामुख्याने उघडझाप होणाऱ्या चाकूंविषयी असली तरी, प्रवासात चाकू कपड्यांच्या पिशवीच्या तळाशी असणे केव्हाही बरे.

तो कुठे राहणार, हे ठरवावे

कमरेच्या पट्ट्याला उघडपणे चाकू लावून फिरणे आपल्याकडे रूढ नाही, आणि माझ्या मते ते रूढ होऊही नये. शेजारच्या काकूंपासून चौकातील हवालदारापर्यंत सगळ्यांनाच ते खटकते. गळ्यात दोरीने अडकवायचे चाकूही मिळतात. पण दुचाकीवर पडल्यास किंवा दोरी कशात अडकल्यास तो प्रकार धोक्याचा आहे, आणि शहरात दुचाकी चालवणाऱ्याने तर त्याचा विचारच करू नये.

उरतात तीन जागा: ऑफिसच्या बॅगेतील ठराविक कप्पा, पँटचा पुढचा खिसा, आणि डब्याची पिशवी. माझी शिफारस नवख्यासाठी बॅगेतील कप्प्याची आहे. चाकू तेथे म्यानात, आणि म्यान एखाद्या कापडी थैलीत, चमचा व हातरुमालासोबत असावे. अशा सोबतीत तो काय आहे हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. खिशात ठेवायचा असेल तर चाकूची म्यानासह एकूण लांबी १५ सेंटिमीटरच्या आत असायला हवी, अन्यथा दुचाकीवर किंवा ऑटोरिक्षात बसताना तो मांडीला टोचतो. घरी पट्टी घेऊन खिशाची खोली मोजावी आणि त्या आकड्याशी चाकूच्या वर्णनातील एकूण लांबी ताडून पाहावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते केल्याने निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पात्याची मापे

आता पात्याकडे यावे. लांबी सहा ते आठ सेंटिमीटर असली की जाम, सफरचंद, मध्यम आकाराची काकडी आणि खोक्यांच्या पट्ट्या सहज कापता येतात. दहा सेंटिमीटरांचे पाते कांदा चिरायला अधिक सोयीचे पडते, परंतु ते सहलीला न्यावे. रोज जवळ ठेवण्यासाठी ते मोठेच. स्वीडनच्या मोराक्निव्ह या कंपनीचे दोन चाकू या संदर्भात चांगले नमुने आहेत. त्यांच्या ‘एल्ड्रिस’चे पाते सुमारे सहा सेंटिमीटरांचे आणि दोन मिलिमीटर जाडीचे, तर ‘कम्पॅनियन’चे पाते दहा सेंटिमीटरांहून थोडे अधिक. दोन्ही हातात धरून पाहिले तर रोजचा चाकू आणि सहलीचा चाकू यांतला फरक लगेच ध्यानात येतो. ते प्रत्यक्ष मिळाले नाहीत तर तेवढ्या मापांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून खिशात घालून पाहिले तरी चालेल.

लांबीपेक्षाही अधिक महत्त्वाची, आणि नवख्याच्या हमखास नजरेतून सुटणारी, गोष्ट म्हणजे जाडी. चाकू किती चांगला कापतो हे धारेच्या मागे पाते किती लवकर जाड होत जाते यावर बरेचसे अवलंबून असते. चार-पाच मिलिमीटर जाडीचे पाते कितीही धारदार असले तरी गाजरात शिरताना पाचरीप्रमाणे वागते: अर्ध्यावर जाते आणि मग गाजर कापले जाण्याऐवजी तडकते. दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे पाते तेच काम सरळ आणि शांतपणे करते. ‘मजबूत’ म्हणून जाड पाते सुचवणारा विक्रेता भेटला तर, आपण पात्याने दार उचकटणार नाही एवढे मनाशी ठरवून पातळ पाते मागावे. तीन मिलिमीटर ही माझ्या दृष्टीने लहान चाकूची वरची मर्यादा आहे.

जाडीला जोडूनच पात्याचा उतार येतो. काही पाती पाठीपासून धारेपर्यंत एकसारखी निमुळती होत जातात; हा सपाट उतार भाजी-फळांसाठी सर्वांत सोयीचा. काहींत पाते निम्म्यापर्यंत एकाच जाडीचे राहते आणि मग धारेकडे एकच मोठा उतार दिलेला असतो. ही स्कँडिनेव्हियाची पद्धत लाकूड तासायला उत्तम, आणि निसण्यावर धरायलाही सोपी, कारण तो मोठा उतार दगडावर आपोआप टेकतो. मात्र जाड पात्याला ही पद्धत दिलेली असेल तर सफरचंद फुटते. पोकळ, म्हणजे आत वळलेल्या, उताराची पाती फार तीक्ष्ण लागतात, पण त्यांची धार नाजूक असते. पहिल्या चाकूत ती टाळलेली बरी.

टोकाबद्दल थोडक्यात: पाठ हलकेच खाली उतरून टोक मध्यरेषेजवळ येईल असा आकार घ्यावा. दोन्ही बाजूंना धार असलेला, खंजिराच्या घाटाचा चाकू घेऊ नये. त्याने फळ कापताना अंगठा ठेवायला पाठच उरत नाही, आणि तो साधन आहे हे पटवून देणेही अवघड जाते. दातेरी धार दोर कापायला बरी. परंतु ती घरी सहज लावता येत नाही म्हणून नवख्याने साधीच धार घ्यावी.

पोलाद: जेवढे लागते तेवढेच

पोलादाचे दोन ढोबळ वर्ग धरले तरी पुरते. पहिला कार्बन पोलादाचा. त्यात १०९५ येते, ज्यात सुमारे एक टक्का कार्बन असतो. बेअरिंगांसाठी वापरले जाणारे ५२१०० येते. आणि आपल्याकडे लोहार ज्याच्या सुऱ्या व विळे घडवतात ते ट्रकच्या कमानपट्टीचे पोलादही येते, ज्यात कार्बन थोडा कमी पण चिवटपणा जास्त असतो. या पोलादांना धार पटकन लागते. पण कैरी, लिंबू, चिंच लागली की मिनिटांत त्यांवर करडी-निळसर छटा चढते आणि ओले राहिले तर गंज धरतो. ती छटा निरुपद्रवी असते आणि पुढचा गंज काहीसा रोखतेही. तांबडा गंज मात्र लगेच घासून काढावा.

दुसरा वर्ग स्टेनलेसचा. साधारण १३ टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलेली ही पोलादे गंजाला दाद देत नाहीत असे नाही, पण दुपारी कापलेल्या लिंबाचा रस संध्याकाळपर्यंत पात्यावर राहिला तरी ती बहुधा सहन करतात. १४सी२८एन आणि १२सी२७ ही स्वीडिश पोलादे, चिनी बनावटीच्या स्वस्त चाकूंतील ८सीआर१३एमओव्ही, आणि जुने प्रतिष्ठित ४४०सी ही त्यांतील नेहमी भेटणारी नावे. ४२०जे२ किंवा ३सीआर१३ असे लिहिलेले असेल तर धार लवकर बोथट होईल हे गृहीत धरावे. डी२ मध्ये क्रोमियम ११-१२ टक्क्यांच्या आसपास असून त्यातला बराचसा कार्बनशी जखडलेला असतो. त्यामुळे ते पुरते स्टेनलेस नाही. त्याची धार फार टिकते, पण साध्या दगडावर परत आणायला चिकाटी लागते.

डब्यासोबत राहणाऱ्या, मालव्याच्या पावसाळ्यात बॅगेत ओलसर होणाऱ्या चाकूसाठी माझे मत स्टेनलेसच्या बाजूने आहे. आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून थंड करण्याची आणि पुन्हा मंद तापवून कडकपणा बेताचा करण्याची प्रक्रिया किती नेमकी झाली आहे, हे अधिक निर्णायक असते. उत्पादक रॉकवेल मापनातील कडकपणा देत असेल तर ५६ ते ६० हा पट्टा पाहावा. त्याखाली धार दुमडते, त्यावर गेल्यास पातळ धारेचे कण उडण्याचा संभव वाढतो.

रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या गाडिया लोहारांची सुरी शेतकामाला उत्तम असते आणि स्वस्तही असते, पण तिचा कडकपणा नगागणिक बदलतो. घेण्यापूर्वी परवानगी घेऊन धारेजवळ बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी: कानस घसरली तर पाते कडक आहे, चावली तर मऊ. ‘दमास्कस’ म्हणून नक्षीदार पाती विकली जातात. खरे थरांचे पोलाद महाग असते, आणि स्वस्तातल्या पुष्कळ पात्यांवर ती नक्षी केवळ वरवर उमटवलेली असते. पहिल्या चाकूला नक्षीची गरज नाही.

मूठ

मुठीबाबत फार खोलात जायला नको. निदान तीन बोटे पूर्ण बसावीत, आणि तर्जनीपुढे थोडा खाच किंवा उंचवटा असावा, म्हणजे मे महिन्याच्या घामातही हात घसरून धारेवर जाणार नाही. कडा टोचणाऱ्या नसाव्यात. शिसम दिसायला देखणे, पण रोज धुण्याच्या चाकूला रबर, नायलॉन किंवा राळेत दाबलेल्या कापडाची मूठ अधिक सोयीची. पात्याचे शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असलेच पाहिजे, हा आग्रह लहान चाकूत अनाठायी आहे. ‘कम्पॅनियन’मध्ये ते तसे जात नाही आणि तरी तो वर्षानुवर्षे लोक कामाला लावतात.

म्यान तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत

अखंड पात्याच्या चाकूची निम्मी सुरक्षितता म्यानात असते. असे असूनही अनेक उत्पादक चांगल्या पात्यासोबत शेवटच्या क्षणी शिवलेली पिशवी देतात. पहिली चाचणी अशी: चाकू म्यानात बसवून, पलंगावर किंवा गादीवर धरून म्यान उलटे करावे आणि दोनतीनदा जोरात हलवावे. चाकू किंचितही सरकला तर तो बॅगेत सुटा होणार हे निश्चित समजावे. दुसरी चाचणी: म्यान धरलेल्या हाताच्या अंगठ्याने मुठीला रेटा देऊन चाकू सोडवता यायला हवा. हिसका देऊन उपसावा लागत असेल तर कधी तरी हात उडून कोणाला तरी लागेल. तिसरी: म्यानाची शिवण धारेच्या बाजूला असेल तर आत चामड्याची जाड पट्टी आहे का हे पाहावे, कारण ती नसल्यास धार हळूहळू दोरा कापत जाते आणि एक दिवस म्यानाबाहेर डोकावते.

चामड्याचे म्यान हाताला सुखाचे आणि आवाज न करणारे असते. पण ते ओल धरते, आणि चामडे कमावताना वापरलेली काही रसायने पात्याला डाग पाडू शकतात. म्हणून चाकू चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ साठवून ठेवू नये, जवळ बाळगताना मात्र जरूर वापरावे. कायडेक्ससारख्या ताठ प्लॅस्टिकचे म्यान पावसाला जुमानत नाही आणि ‘टक’ असा आवाज करून चाकू पकडते. त्याचा दोष असा की आत वाळूचे कण गेले तर प्रत्येक वेळी पाते ओरखडले जाते. तळाला पाणी निघून जाण्याचे भोक असेल तर त्यातून ते धुऊन काढता येते. खाण्याच्या चाकूसाठी धुता येणारे म्यान मला अधिक योग्य वाटते. डावखुऱ्यांनी खरेदीआधीच विचारावे. काही म्याने एकाच हाताची असतात.

चाकू म्यानात परत घालताना नेहमी म्यानाकडे पाहावे. बोलता बोलता, अंदाजाने, पाते आत सरकवण्याची सवय लागू देऊ नये. परत घालताना हात सहज कापतो, कारण तोवर काम संपलेले असते आणि लक्ष उडालेले असते.

दुकानात काय पाहावे

सियागंज आणि महाराणी रोडच्या परिसरातील हार्डवेअरच्या दुकानांत सुऱ्या, कटर आणि निसणे मिळतात. लोहारपट्टीकडेही चक्कर मारायला हरकत नाही. म्यानासह येणारे लहान चाकू तेथे मिळतीलच असे नाही, आणि ते बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. ऑनलाइन घेताना पात्याची लांबी, जाडी, पोलादाचे नाव आणि परत करण्याची मुदत या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो चाकू सोडून द्यावा. बिल जपून ठेवावे. त्यावर ‘किचन नाइफ’ किंवा ‘युटिलिटी नाइफ’ असे वर्णन असेल तर अधिक चांगले.

हातात आल्यावर टोकाकडून एक डोळा मिटून पाते सरळ आहे का ते पाहावे. मग दिव्याखाली धार वर करून धरावी: तीक्ष्ण धारेची रेघ दिसत नाही, जेथे प्रकाश चमकतो तेथे धार बोथट किंवा दुमडलेली असते. मूठ आणि पाते यांच्या सांध्यात नख शिरत असेल तर तेथे अन्न साचेल. धार पाहण्यासाठी अंगठा धारेच्या लांबीने फिरवू नये. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून तो उभा कापून पाहावा. कागद जेथे फाटतो तेथे लक्ष द्यावे. नव्या चाकूची धार अगदी निर्दोष नसली तर घाबरून परत करण्याचे कारण नाही, ती लावता येते. वाकडे पाते किंवा हलणारी मूठ मात्र तत्काळ परत करावी.

पहिली धार

सुमारे हजार नंबरचा दुहेरी निसणा आणि एक जुना चामडी पट्टा एवढे साहित्य पुरे. पात्याच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढावी आणि दगडावर दोनच घासे द्यावेत. शाई धारेजवळून गेली नसेल तर पाते फार झोपवलेले आहे, फक्त धारेच्या अगदी कडेची गेली असेल तर फार उभे धरलेले आहे. दर बाजूला साधारण २० अंशांचा कोन घरगुती कामाला ठीक बसतो. एका बाजूला घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला अगदी बारीक खरखर लागू लागते. ती पूर्ण लांबीवर जाणवली की बाजू बदलावी, दाब कमी करत जावे, आणि शेवटी धार मागे ठेवून चामड्यावर आठ-दहा वेळा ओढावी.

सायकलला चाक लावून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे स्वयंपाकघरातली जाड सुरी द्यायला हरकत नाही, पण हा चाकू देऊ नये. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ टोक क्षणात तापते. पोलादावर निळा रंग चढला म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास गेले आणि त्या जागचे पाणी उतरले असे समजावे. तशी वेळ आलीच तर पाण्यात बुडून फिरणाऱ्या दगडावर धार लावणारा शोधावा, आणि नसेल तर तो भाग निसण्यावर हळूहळू घासून काढावा.

कार्बन पोलाद असेल तर प्रत्येक वापरानंतर पाते कोरडे पुसून खोबरेल तेलाचा नावालाच हात फिरवावा आणि जास्तीचे टिपून घ्यावे. स्टेनलेसला एवढे पुसणेच पुरते. पात्याआधी म्यान वाळले आहे ना, हे मात्र दोन्ही बाबतींत पाहावे.